तिसरी प्रत

जिंतूरला, तहसीलच्या भिंतीला लागून
माझं दुकान, शाहीन झेरॉक्स.
मशीनच्या ड्रमवर एक ओरखडा आहे,
त्यामुळं प्रत्येक प्रतीवर उजव्या अंगाला
केसाएवढी काळी रेघ उमटते.
लोकांना सवय झाली. अर्ध्या तालुक्याच्या
सातबाऱ्यावर, जातीच्या दाखल्यावर ती रेघ आहे.

टोम्पे कारकून त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आले.
ऑफिसचं मशीन बंद होतं, ते बंदच असतं.
अकरा पानं. वर जांभळा शिक्का: गोपनीय.
म्हणाले, दोन काढ, वाचू नको.
वाचू नको म्हटल्यावर कोण वाचत नाही?
दवाखान्याच्या वहीत सर्पदंशाच्या लशीच्या
चाळीस बाटल्या.
फ्रिजमध्ये एकही नाही.
फ्रिजमध्ये, अहवालाच्या भाषेत,
'अंदाजे दीड किलो पेढे आढळून आले'.

चौथं पान अडकलं. ओढून काढलं, चुरगाळलं,
पुन्हा छापलं.
दोन सांगितल्या होत्या, तीन निघाल्या.
बोट घसरलं की मी घसरू दिलं
हे मला कुणी विचारलं नाही,
मीही खोदून विचारलं नाही.
तिसरी काउंटरवर राहिली.
मगरिबच्या वेळी शटर ओढताना नव्हती.

गुरुवारी अहवाल सगळ्यांच्या मोबाइलवर.
शुक्रवारी चौकात मुसांडे गट:
दडवलं का? जनतेला जाब द्या!
समोरून टेकाळे गट:
फोडलं कुणी? हा शासनाशी द्रोह आहे!
मला हसू आलं.
सहा वर्षांमागं, पाणीटाकीच्या चौकशीच्या वेळी,
सत्ता मुसांड्यांची होती,
आणि जाब मागणारं पत्रक टेकाळ्यांचं.
ते मीच टाईप केलेलं.
परवा मुसांड्यांचा पोरगा आला, म्हणाला,
काहीतरी जोरकस लिहून द्या.
मी जुनी फाईल उघडली, खालचं नाव बदललं.
तासाभरानं टेकाळ्यांचा माणूस. त्यांना
मुसांड्यांचं जुनं पत्रक चाललं.
'द्रोह'चा 'द्रोहा' झाला होता तेव्हा,
तो काना तेवढा मी काढून टाकला.
शंभर रुपये दोघांकडून.

मग कुणाच्या तरी लक्षात आली रेघ.
दोन्हीकडचे लोक
बोटांनी मोबाइल मोठा करकरून
रेघेकडं बघायलेत. पुरावा म्हणे, कट म्हणे.
मजकूर सगळा रेघेच्या डाव्या बाजूला होता.

फौजदार आले. मी त्यांना त्यांच्याच
बदलीच्या अर्जाची प्रत दाखवली.
उजव्या अंगाला रेघ.
हसले नाहीत, पण गेले.

टोम्पे निलंबित झाले.
समोरच्या हॉटेलात कट चहा घेऊन बसतात.
माझ्याकडं बघत नाहीत,
किंवा बघतात तेव्हा मी
ट्रेमध्ये कागद भरत असतो.

काल सुभान जोगदंड आला, वीटभट्टीवरचा.
मैनाच्या मृत्यूच्या दाखल्याच्या दोन प्रती.
वय वर्षे नऊ.
पैसे दिले आणि थांबला.
"भाऊ, त्या कागदात लेकराचं नाव आलंय म्हणतेत.
मला वाचाय येत नाही. बरोबर लिवलंय का?"

टोनरच्या खोक्याखालून
ते चुरगाळलेलं चौथं पान काढलं,
मांडीवर हातानं सपाट केलं.
'मयत मीना जोगदंड, वय अंदाजे बारा.'
अकरा पानं, दोन गट, एवढे मोबाइल.

म्हटलं, हाव, बरोबर हाय.

त्यानं दोन्ही प्रती पोरीच्या दप्तरात ठेवल्या,
चेन लागत नव्हती, तशीच छातीशी धरून
बसस्टँडकडं गेला.
मी पानाची घडी घातली,
खोक्याखाली सारली,
आणि खोकं पायानं
जरा आत ढकललं.